शुद्ध प्रत

ज्या विषयात आपली गती नाही त्यावर लिहू नये, असे आम्ही तीस वर्षे विद्यार्थ्यांना सांगत आलो आणि आज स्वतःच तो संकेत मोडत आहोत. विषय आहे संगणकावर ध्वनीचे काम करताना लागणारी प्लगइन्स, ती बसवण्याचा खटाटोप आणि ती चालू करून घेण्यासाठी मागावी लागणारी परवानगी. साहित्याला वाहिलेल्या जागेत हे कशाला, असे कुणी विचारील. आमची अडचण अशी की या यंत्राच्या भानगडीतून जो प्रश्न उभा राहिला, तो शेवटी पाठचिकित्सेचाच निघाला. शिवाय त्यात आमची एक छापील चूक गुंतलेली आहे. ती कुठेतरी कबूल केलीच पाहिजे.

२००८ च्या उन्हाळ्यात आम्ही आमच्या आत्याच्या ओव्या मुद्रित केल्या. आत्या तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठच्या एका गावात तिचे घर. वर्गात लोकसाहित्य शिकवताना पुस्तकांतल्या ओव्या वाचून दाखवायच्या आणि घरात ओव्यांची कणगी भरलेली असताना तिकडे ढुंकूनही पाहायचे नाही, ही गोष्ट बरेच दिवस मनाला टोचत होती. नवा लॅपटॉप हाती आला होता. यूएसबीला जोडायचा एक मायक्रोफोन भाच्याने पुण्याहून आणला होता. आत्याला माजघरात खुर्चीवर बसवले, मायक्रोफोन समोर धरला आणि म्हटले, "आत्या, म्हण आता." तिला एकही ओवी आठवेना. दोन शब्द म्हणायची, अडखळायची, हसायची. शेवटी तीच म्हणाली, "आता संध्याकाळचं कसलं दळान? पहाटं जातं मांडा, मग बघू."

पहाटे जाते मांडले. सूपभर जोंधळे आणले. समोर आतेबहीण बसली. खुंट्याला दोघींचा हात लागला, पाळ फिरू लागली आणि ओव्या आपोआप येऊ लागल्या. ओवी स्मरणात नसते, ती दळणात असते, हे आम्ही वर्गात अनेकदा सांगितले होते. त्या पहाटे ते प्रथम पाहिले. पाऊण तासात बेचाळीस ओव्या झाल्या.

मुद्रण घरी आणून ऐकले मात्र आणि आम्ही हिरमुसलो. जात्याची घरघर आवाजाच्या अंगावर बसलेली. आत्याचा सूर मध्येच खाली ढळे, मध्येच चढे. ज्या पट्टीत ती गात होती ती पट्टी हार्मोनियमवर सापडेना. काळी चार म्हणावी तर थोडी खाली, पांढरी पाच म्हणावी तर थोडी वर. भाचा हौशी ध्वनिमुद्रक. तो म्हणाला, "मामा, काळजी करू नका. प्लगइन टाकले की सगळे साफ होईल."

प्लगइन म्हणजे काय, हे आम्हांला जे उमगले ते असे. ध्वनिमुद्रणाचे मुख्य सॉफ्टवेअर हा यजमान. प्लगइन हा पाहुणा. यजमानाने आवाज पाहुण्याच्या हाती द्यायचा, पाहुण्याने त्यावर आपला संस्कार करून तो परत करायचा. मूळ मुद्रित ध्वनी जिथल्या तिथे अनाघ्रात राहतो. ऐकताना मात्र संस्कारित रूपच कानी पडते. हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीने १९९६ साली क्यूबेस या आपल्या सॉफ्टवेअरात व्हीएसटी नावाची ही व्यवस्था आणली आणि पुढे तिचे नियम इतरांनाही खुले केले. १९९९ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून केवळ संस्कार करणारीच नव्हे, तर स्वतः वाजणारी वाद्येही प्लगइनच्या रूपात सर्रास येऊ लागली. पूर्वी ज्यासाठी खोलीभर यंत्रे लागत, ते काम आता चार-दोन फाइलींत मावू लागले.

मावू लागले खरे, पण जागेवर बसेना. विंडोजवर प्लगइन म्हणजे बहुधा एक डीएलएल फाइल. ती एखाद्या फोल्डरात पडली पाहिजे आणि त्या फोल्डरचा पत्ता यजमानाला ठाऊक असला पाहिजे. व्हीएसटी-२ या जुन्या पद्धतीत असे एकच ठरलेले घर नव्हते. जो तो आपल्या मनाने फोल्डर निवडी. २००८ सालीच आलेल्या व्हीएसटी-३ ने ती जागा नेमून दिली, पण आमची प्लगइन्स जुन्या वळणाची. इन्स्टॉलर 'काम फत्ते' म्हणून मोकळा होई आणि रीपर या आमच्या यजमान सॉफ्टवेअरच्या यादीत नाव काही दिसत नसे. दोन रात्री या पत्त्याच्या घोळात गेल्या. पोस्टाने आलेले पत्र गल्लीत पोहोचावे आणि दारावर पाटी नसल्याने परत जावे, त्यातला हा प्रकार.

त्याआधी एक नैतिक प्रसंग घडला होता, तो सांगितला पाहिजे. आम्हांला हवे असलेले सूरदुरुस्तीचे आणि गोंगाट गाळण्याचे प्लगइन एकाच परदेशी कंपनीचे होते आणि त्यांची जोडी आमच्या खिशाला जड होती. भाच्याने दबक्या आवाजात सुचवले की हेच 'क्रॅक' केलेले, म्हणजे कुलूप फोडलेले, फुकटात मिळते. त्याचे सगळे मित्र तेच वापरतात. आम्ही स्टाफरूममध्ये पुस्तकांच्या झेरॉक्सविरुद्ध तावातावाने बोलणारे. नाही म्हटले. पैसे भरले, पावती घेतली. तंबोऱ्याचे प्लगइन दुसऱ्या एका कंपनीकडून घेतले. मिरज आमच्या घरापासून अर्ध्या तासावर. जिथल्या तंबोऱ्याला आणि सतारीला पुढे २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्या गावाच्या वेशीशी राहून आम्ही तंबोरा परदेशातून, तोही फाइलीच्या रूपात मागवला. याचे तेव्हा काही वाटले नाही.

पैसे भरून भागत नाही. परवानगी घ्यावी लागते. आमच्या प्लगइनची रीत अशी होती: बसवल्यावर ते संगणकाचे अंग चाचपून अक्षरांची आणि अंकांची एक लांबलचक ओळ दाखवी. ती ओळ कंपनीच्या संकेतस्थळावर भरायची. तिकडून उत्तरादाखल दुसरी ओळ येई. ती जशीच्या तशी प्लगइनमध्ये भरली की कुलूप उघडे, पण त्याच एका संगणकापुरते. गावात तेव्हा इंटरनेट नव्हते. भाचा तालुक्याच्या कॅफेत गेला आणि उत्तराची ओळ एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर उतरवून घेऊन आला. ती भरली, प्लगइनने नाकारली. पुन्हा भरली, पुन्हा नकार. भाच्याच्या हस्ताक्षरात रोमन ओ आणि शून्य यांत काडीचा फरक नव्हता. पोथ्यांतले लिपिकारांचे प्रमाद, म्हणजे 'घ' चा 'ध' कसा होतो आणि 'प' चा 'य' कसा, हे आम्ही एम.ए.च्या वर्गाला दरवर्षी शिकवत होतो. इथे तोच प्रकार लग्नपत्रिकेवर. पाठभेदांच्या सर्व शक्यता मांडून तिसऱ्या खेपेस संपादन साधले. आनंदाच्या भरात पत्रिकेवरचा पाठ दुरुस्त करायचे मात्र राहून गेले.

आता आम्ही काय केले ते. गाळणीच्या प्लगइनने जात्याची घरघर काढून टाकली. मग सूरदुरुस्ती. या प्रकारच्या प्लगइनची कुळकथा मोठी मौजेची आहे. ऑटो-ट्यून हे यातले सर्वांत गाजलेले नाव. १९९७ साली ते अँटारेस कंपनीने बाजारात आणले आणि त्याचे कर्ते अँडी हिल्डेब्रँड हे पूर्वी भूगर्भातून परतणाऱ्या ध्वनिलहरींवरून तेलाचा ठाव घेण्याच्या कामात होते. जमिनीच्या पोटातला आवाज वाचणारे गणित माणसाच्या गळ्यातला आवाज वाचू लागले. आमचे प्लगइन त्याच जातीचे. ते गायकाचा सूर क्षणोक्षणी मोजते, आपण नेमून दिलेल्या सप्तकातला सर्वांत जवळचा स्वर शोधते आणि गाणाऱ्याला तिथे खेचून नेते. किती वेगाने खेचायचे तेही ठरवता येते. आम्ही सात शुद्ध स्वर नेमून दिले. का, तर ते ऐकायला 'तसेच' वाटत होते म्हणून. काळी चारला तंबोरा लावला. आत्याची पट्टीही उचलून तिथे आणली.

एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, हे आपण सगळे आदराने सांगतो आणि त्यांनी कोणत्या प्रती समोर ठेवल्या, काय बदलले, हे आता नेमके कळण्याची सोय नाही म्हणून हळहळतोही. नाथांचा अधिकार मोठा होता, हे वेगळे सांगायला नको. आमचा अधिकार म्हणजे एक पावती आणि चाळीस अक्षरांची एक ओळ.

२००९ च्या दिवाळीत दहा निवडक ओव्यांची सीडी करून आम्ही आत्याकडे नेली. तिने डोळे मिटून ऐकली. मग म्हणाली, "ही कोण बाई म्हनतीया रं? लई ग्वाड गळा हाय." आम्ही हसून म्हटले, "आत्या, तूच की!" ती मान हलवत राहिली. "न्हाई बाबा. माझं असं न्हाई निघत." म्हातारपणी स्वतःचा आवाज कुणालाच ओळखता येत नाही, असे म्हणून आम्ही तो विषय संपवला आणि लाडू खाल्ला. २०११ च्या पावसाळ्यात आत्या गेली.

त्या दोन सालांच्या मधले २०१० हे साल आमच्या दृष्टीने वाईट. त्या वर्षी एका संशोधनपत्रिकेत आम्ही ओवीच्या चालीवर लेख लिहिला आणि त्यात, आत्याच्या ओव्यांचा दाखला देऊन, या भागातील जात्यावरची चाल शुद्ध गंधारावर उभी असल्याचे निःशंक विधान केले. लिहिताना कानाला हेडफोन होता आणि हेडफोनमध्ये प्लगइनमधून येणारी आत्या होती. जो स्वर आम्हीच नेमून दिला, तोच सापडला म्हणून आम्ही आनंदलो. सुज्ञ वाचकांच्या लक्षात आले असेलच; आमच्या लक्षात यायला चौदा वर्षे लागली.

२०२४ च्या जूनमध्ये एका विद्यार्थिनीचा फोन आला. ती ओवीवर पीएच.डी.चे काम करीत होती. "सर, तुमच्या लेखातला तो शुद्ध गंधार मला इतरत्र कुठे सापडत नाही. मूळ मुद्रण ऐकायला मिळेल का?" तिच्या हाताशी तुलनेला फार मोठी सामग्री होती. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुण्यात राहून गावोगावच्या स्त्रियांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करवल्या, त्यांतल्या कित्येकींचे ध्वनिमुद्रण १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांनी केले आणि पुढे 'पारी'ने तो ठेवा सर्वांसाठी खुला केला. हे बेल मूळचे संगणकतज्ज्ञ. १९८० च्या दशकात जेम्स किपेन यांच्यासह तबल्याच्या कायद्यांचे व्याकरण संगणकाला शिकवणारा 'बोल प्रोसेसर' त्यांनी रचला होता आणि गायकाचा सूर क्षणोक्षणी मोजून त्याचा आलेख काढणारे यंत्रही मुंबईत वापरात आणले होते. म्हणजे मोजण्याचे काम आमच्या प्लगइनसारखेच. फरक इतकाच की त्यांचे यंत्र मोजून थांबे.

विद्यार्थिनीला "पाठवतो" म्हटले आणि नव्या लॅपटॉपवर जुना प्रकल्प उघडला. रीपरने एक यादी पुढे केली: या प्रकल्पात वापरलेली पुढील प्लगइन्स उपलब्ध नाहीत. तीन नावे. रीपरची प्रकल्प-फाइल ही साधी मजकुराची असते, नोटपॅडमध्येही उघडते. म्हणून सवयीने संहिता पाहायला घेतली. ट्रॅकचे नाव, आवाजाची पातळी, मुद्रित फाइलचा पत्ता, सारे स्वच्छ वाचता येत होते. पुढे प्लगइनचे नाव आणि त्याखाली निरर्थक दिसणाऱ्या रोमन अक्षरांच्या ओळीच्या ओळी. ती आमची दुरुस्ती. कोणत्या ओवीत किती खेचले, हे सगळे त्या ओळींत नोंदलेले आहे. मात्र ते ज्या प्लगइनने लिहिले त्यालाच वाचता येते. मोडी वाचणारा गावात एकतरी सापडतो. इथे वाचणारा एकच आणि तो परवान्याशिवाय तोंड उघडत नाही.

तंबोऱ्याच्या कंपनीचे सोपे झाले. खाते जिवंत होते, परवलीचा शब्द बदलून घेतला, नवी आवृत्ती उतरवली, तंबोरा वाजला. दुसऱ्या कंपनीचा मात्र पत्ता लागेना. जपून ठेवलेल्या सीडीवरून, भाच्याच्या बाहेरून जोडायच्या ड्राइव्हने, प्लगइन बसवले. ते बत्तीस बिटांचे, संगणक चौसष्ट बिटांचा; रीपरने मध्ये पूल बांधून तेही निभावले. खिडकी उघडली आणि तीच ती लांबलचक ओळ समोर आली: ही कंपनीला कळवा. कळवायचे कुणाला? संकेतस्थळाच्या पत्त्यावर भलतेच काही विकले जात होते. ई-मेल परत आला. चौकशीअंती इतके कळले की कंपनी दुसऱ्या कुणी घेतली होती आणि जुनी उत्पादने गुंडाळली होती.

हे काही आमच्याच वाट्याला आले असे नव्हे. कॅमल ऑडिओ ही ब्रिटिश कंपनी २०१५ च्या जानेवारीत बंद झाली. तिचे अल्केमी हे वाद्य पुढे ॲपलच्या लॉजिकमध्ये अवतरले, म्हणजे विंडोजवाल्यांना पारखे झाले. खुद्द स्टाइनबर्गने व्हीएसटी-२ ची साधने नव्या कर्त्यांना देणे २०१८ मध्ये थांबवले. २०१९ च्या मॅकओएस कॅटालिनात बत्तीस बिटांचे काहीही चालेनासे झाले. यूएसबीच्या खाचेत बोटभर कळ खुपसून चालणारी ई-लायसेन्सर ही परवान्याची पद्धतही २०२५ साली मिटली. प्रत्येक वेळी कारणे रास्तच असतात. सर्व्हर चालवायला पैसा लागतो, जुने सॉफ्टवेअर सांभाळायला माणसे लागतात. पण आपण विकत घेतले असे ज्याला समजतो, ती वस्तू नसून एक चालू संभाषण असते आणि पलीकडचा गप्प झाला की आपल्या हाती पावती उरते, हे पैसे भरताना कुणी ठळक अक्षरांत सांगत नाही. भाचा म्हणाला, "मामा, तेव्हा क्रॅक घेतले असते तर आज चालले असते." त्याला उत्तर नव्हते. अजूनही नाही. स्टाफरूममधली आमची भाषणे आठवून थोडे कानकोंडे मात्र व्हायला झाले.

परवाना न मिळालेले प्लगइन आवाजाला हात लावत नाही. आला तसा पुढे सोडते. भाच्याने सहज स्पेसबार दाबला.

आधी जाते आले. मग त्यात मिसळलेली, जाडसर, धाप लागलेली आत्या. खाली तंबोरा काळी चारमध्ये स्थिर आणि आत्या तिच्या स्वतःच्या पट्टीत. दोहोंत अशी काही लाट उठू लागली की ऐकवेना. १९४० ते १९७१ या काळात आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली होती, ती आम्ही नेहमी सोवळेपणाचे उदाहरण म्हणून सांगत असू. त्या क्षणी बंदी घालणाऱ्यांविषयी थोडी सहानुभूती वाटली. तंबोरा बंद केला. मग नीट ऐकू लागलो.

सूर ढळत होता, पण भलत्याच ठिकाणी नव्हे. पाळ अंगाकडे ओढताना तो चढे आणि पलीकडे जाताना उतरे. दर फेऱ्याला तसेच. गंधार शुद्धही नव्हता आणि कोमलही नव्हता; हात कुठे आहे त्यावर तो ठरत होता. जोंधळा जाड पडला की फेरा जड होई आणि सूर जास्त ढळे. पीठ सुटू लागले की पुन्हा सैल. ज्याला आम्ही वयाचा दोष समजून पुसले ते दळण होते. आधी एका प्लगइनने जाते काढले, म्हणून दुसऱ्याने केलेल्या दुरुस्तीला कुणी साक्षीदारच उरला नव्हता.

विद्यार्थिनीला त्याच रात्री लिहिले: लेखातले विधान चुकीचे आहे. ते कसे चुकले हे दाखवायचे तर दुरुस्त केलेली प्रतही पूर्ण हवी होती, केवळ सीडीवरच्या दहा ओव्या पुरेशा नव्हत्या. म्हणून माळ्यावरचा जुना लॅपटॉप उतरवला. बॅटरी फुगलेली, ती काढून टाकून थेट विजेवर लावला. विंडोज एक्स्पी उघडली, पण आतला छोटा सेल संपल्यामुळे यंत्राच्या मते तेव्हा २००२ साल चालू होते. प्लगइनने तारीख पाहिली, परवाना अग्राह्य ठरवला आणि उत्तराची ओळ पुन्हा मागितली. तारीख सुधारली तरी त्याचे समाधान होईना. लग्नपत्रिका सापडली ती शब्दकोशाच्या घडीत. त्या जोडप्याचा मुलगा आता दहावीला आहे. शून्य की ओ, हा वाद पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा दोनदा नकार. तिसऱ्या खेपेस कुलूप उघडले. या वेळी पाठ निश्चित करून पत्रिकेवर लाल शाईने लिहून ठेवला: सातवे अक्षर ओ, एकोणिसावे शून्य. ज्या यंत्रापुरता तो मंत्र चालतो ते यंत्र फार दिवसांचे सोबती नाही, हे ठाऊक असून.

बेचाळीसही ओव्या दोन्ही रूपांत साध्या वेव्ह फाइली म्हणून काढून घेतल्या. कोणत्या ओवीला कोणती दुरुस्ती किती केली, ते प्लगइनच्या खिडकीतून पाहून वहीत उतरवले. हेच काम २००८ साली अर्ध्या तासाचे होते. विद्यार्थिनीने विचारले, "सर, प्रबंधात मूळ प्रत म्हणून कोणती म्हणू?" आम्ही म्हटले, जात्याची. दुसरीला आमचे नाव दे.

इतके झाल्यावर मोठ्या उत्साहाने आतेबहिणीला फोन लावला आणि न दुरुस्त केलेली ओवी ऐकवली. तिकडून बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाली, "दादा, हा आईचा आवाज नव्हं." आम्ही समजावू लागलो, प्लगइन, दुरुस्ती, परवाना. तिला त्यातले काही नको होते. पंधरा वर्षे ती आमची सीडी ऐकत आली होती; दर वर्षी श्राद्धाला, आणि एरवीही. नातवंडांना आजी म्हणून तोच आवाज ठाऊक. "आई गोडच म्हणायची," ती म्हणाली. "हे काहीतरी खराब झालंय तुमच्याकडं." जी बाई आत्याला ओळखू आली नव्हती, तीच आता आत्या झाली होती. फोन ठेवल्यावर आम्ही कितीतरी वेळ तसेच बसून होतो. लेखातली चूक शुद्धिपत्राने तरी दुरुस्त होते.

पुढच्या आठवड्यात फाइली तपासताना आणखी एक गोष्ट दिसली. प्रत्येक ओवीच्या मागचा-पुढचा भाग आम्ही तेव्हा कापला होता; पण रीपरमधला काप हा खरा काप नसतो, कडा धरून ओढली की झाकलेले पुन्हा उघडे होते. शेवटच्या ओवीची कडा ओढली. ओवी संपते, जाते फिरत राहते आणि आत्या लेकीवर खेकसते, "अगं, वैरण घाल की! रिकामंच फिरतंय जातं."

ते आतेबहिणीला पाठवले. काही लिहिले नाही. रात्री तिचाच फोन आला. "दादा, ते वैरणीचं तेवढं वेगळं काढून द्या." अकरा सेकंदांचा तुकडा. त्याच्या शेवटी रस्त्यावरून जाणाऱ्या एसटीचा हॉर्न येतो. तो गाळून देऊ का, असे आम्ही विचारले.

"नको, असू दे," ती म्हणाली. "सहाची गाडी ती."